शहर येण्याआधीची कामे

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटर गेले की बदलापूर लागते. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, त्यामुळे आगगाडी या भागाला दीडशेहून अधिक वर्षे ओळखीची आहे. शहर मात्र अलीकडचे. उल्हास नदीच्या आसपासची कुळगाव, बदलापूर, कात्रप, बेलवली, मांजर्ली, खरवई, शिरगाव ही गावे आणि त्यांच्यामधली भातखाचरे, असा हा मुलूख होता. मुंबईत घर परवडेना तेव्हा माणसे ठाण्याला आली, ठाणे महागले तेव्हा डोंबिवलीला, आणि डोंबिवलीही हाताबाहेर गेली तेव्हा अंबरनाथ-बदलापूरला. नोकरी जुन्या जागीच राहिली. घर तेवढे एकेक स्टेशन पुढे सरकत गेले.

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. दहा वर्षांत ७६ हजारांची भर, म्हणजे सरासरी रोज २१ माणसे.

एकवीस हा आकडा छोटा वाटतो. पण भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे केंद्र सरकारचे मानक आहे. त्या हिशेबाने या शहराला आजच्यापेक्षा उद्या २,८०० लिटर पाणी जास्त लागते, आणि वर्षभराने रोजचे १० लाख लिटर जास्त. जे पाणी घरात येते त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. म्हणजे वर्षभरात रोजच्या सांडपाण्यातही ८ लाख लिटरची भर. पाणीपुरवठ्याची एखादी मोठी योजना प्रस्ताव, तांत्रिक मंजुरी, निधी, निविदा आणि काम या टप्प्यांतून जाईपर्यंत पाच वर्षे सहज जातात. तोवर मागणी रोजच्या ५० लाख लिटरने पुढे निघून गेलेली असते. मंजुरीच्या दिवशी पुरेशी असणारी योजना उद्घाटनाच्या दिवशी अपुरी पडते, ती अशी.

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही अशी डझनावारी शहरे आहेत. मोठ्या शहराच्या सावलीत वाढणारी, महामार्गाला चिकटून पसरणारी, कारखान्यांमागे धावणारी. त्यांच्या दुखण्याचे निदान बहुतेक वेळा 'निधी नाही' असे केले जाते. निधीची चणचण खरीच आहे. पण या शहरांचा इतिहास जवळून पाहिला तर त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसते ती कामांच्या क्रमाची. जे काम शेत मोकळे असताना स्वस्तात आणि भांडणाशिवाय होते, तेच इमारती उभ्या राहिल्यावर अनेक पटींनी महाग होते, आणि काही कामे तर मग होतच नाहीत. हा क्रम काही ठिकाणी जाणीवपूर्वक सांभाळला गेला, काही ठिकाणी उशिरा का होईना सुधारला गेला.

नकाशावरचा रस्ता

शहराचा पहिला प्रश्न पाण्याचा नसून रस्त्याच्या रुंदीचा असतो. जलवाहिनी, गटार, विजेच्या केबल, पावसाळी नाली, अग्निशमन गाडी, बस, पदपथ, झाडे यांना सगळ्यांना मिळून जी जागा लागते ती रस्त्याचीच. रस्ता सहा मीटरचा राहिला की पुढचे सारे पर्याय तिथेच संपतात.

ही रुंदी ठरवण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. त्याखाली नगरपरिषद विकास आराखडा करते. त्यात रस्ते आखले जातात आणि शाळा, बाग, दवाखाना, मंडई, सांडपाणी प्रकल्प यांसाठी जागा आरक्षित होतात. आराखड्याची दृष्टी साधारण वीस वर्षांची असते. कागदावर हे सुरेख दिसते. अडचण जागा ताब्यात घेताना येते.

आरक्षण ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर पडते त्याचे नशीब एका रेषेने बदलते. बांधाच्या अलीकडचा शेतकरी इमारत बांधून श्रीमंत होतो आणि पलीकडच्याची जमीन बागेसाठी अडकून पडते. भरपाई द्यायला नगरपरिषदेकडे पैसे नसतात. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारे बांधकामाचे हक्क, लहान शहरात विकले जातीलच याची खात्री नसते. दहा वर्षे अशीच गेली तर कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. बाग तिथे संपते.

काही जण दहा वर्षे थांबतही नाहीत. जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडतात, साध्या कागदावर व्यवहार होतात, मध्ये बोळाएवढा रस्ता सोडला जातो आणि घरे उठतात. हा प्रकार इतका पसरला की अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी विकास अधिनियम करावा लागला. घरे कायदेशीर झाली. पण अरुंद रस्ता कायद्याने रुंद होत नाही.

मुंबईत जन्मलेली, अहमदाबादेत वाढलेली पद्धत

या अडचणीवर एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडले होते, आणि तेही मुंबई इलाख्यात. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचे भय दाखवून दिले होते. शहराच्या कडेची शेते ओबडधोबड वस्तीने भरण्याआधी त्यांना आकार द्यावा या हेतूने १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा झाला. नगररचनेवरचा हा देशातला पहिला कायदा. त्याने 'नगररचना योजना' नावाची पद्धत आणली. लोक तिला आज टीपी स्कीम म्हणतात.

पद्धत समजायला सोपी आहे. शे-दोनशे एकर जमिनीचे सगळे मालक एका योजनेत धरायचे. त्यांच्या वेड्यावाकड्या शेतांची सरहद्द पुसून सगळी जमीन एकत्र मांडायची. त्यातून आधी रस्ते, बागा, शाळा आणि सार्वजनिक सोयींची जागा काढायची. उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत द्यायची. प्रत्येकाचे क्षेत्र कमी होते, पण ते साऱ्यांचेच आणि ठरलेल्या प्रमाणात होते. शेतात जायला वाट नव्हती तिथे रस्ता येतो, म्हणून कमी क्षेत्राची किंमत जुन्या संपूर्ण शेतापेक्षा जास्त भरते. या वाढीव किमतीतला काही वाटा मालकांकडून घेऊन रस्ते आणि वाहिन्या बांधायच्या. कोणी गावातून उठत नाही, एकाच्याच माथी बागेचे आरक्षण बसत नाही, आणि सरकारला जमीन विकत घ्यावी लागत नाही.

१९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. हा वारसा दोघांनाही मिळाला, पण तो नेटाने चालवला गुजरातने. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यात नगररचना योजनेचे प्रकरण राहिले, तरी भर विकास आराखडा आणि भूसंपादनावर गेला. मालकांचे वाद सोडवणाऱ्या लवादापुढे वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या योजनांचा कंटाळा दोन्हीकडे होता. गुजरातने त्यावर १९९९ मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली. योजनेचा मसुदा मंजूर झाला की रस्त्यांची जमीन लगेच ताब्यात घेता येईल. भरपाईचे आणि आकारणीचे वाद मागाहून मिटत राहतील. दिसायला ही तांत्रिक तरतूद आहे, पण घरे येण्याआधी रस्ता जमिनीवर उतरू लागला तो तिच्यामुळे. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल वर्तुळाकार मार्ग बांधताना या पद्धतीचा मोठा उपयोग झाला. गुजरातच्या कायद्यानुसार योजनेतली निम्म्यापर्यंत जमीन सार्वजनिक कामांसाठी घेता येते. तीत रस्ते आणि बागांबरोबर गरिबांच्या घरांसाठीही वाटा आहे, आणि विकून खर्च भागवण्यासाठी नगरपालिकेला भूखंडही मिळतात.

मोकळ्या शेतावर हे जमते, पण भरलेल्या गावात? त्याची परीक्षा कच्छमधल्या भुजमध्ये झाली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात लाखभर वस्तीच्या या शहराचा कोटाच्या आतला भाग ढासळला. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की ढिगाऱ्यांनी त्या बुजल्या आणि मदत आत पोचेना. तशाच गल्ल्यांवर तीच घरे पुन्हा बांधायची नाहीत, हे ठरवणे सोपे नव्हते. घर गमावलेल्या माणसाला त्याच्या भूखंडातली जागाही सोडायला सांगायची होती. तिथेही नगररचना योजनाच वापरल्या गेल्या. अगदी लहान भूखंडांना कपातीतून वाचवले, मोठ्यांची कपात चढत्या प्रमाणात ठेवली, मालकांशी वारंवार बोलून नकाशे बदलले. जुन्या शहरात गाडी जाईल असे रस्ते आले आणि त्यांच्या खाली वाहिन्या टाकता आल्या. आपत्तीनंतरच्या काही वर्षांत एका लहान शहराने हे केले.

महाराष्ट्राने ही पद्धत गेल्या काही वर्षांत पुन्हा हाती घेतली आहे. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात सिडकोने आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) नगररचना योजना आखल्या. नैनात मालकाला मूळ जमिनीच्या ४० टक्के क्षेत्राचा भूखंड परत मिळतो. अनेक शेतकऱ्यांचा या प्रमाणाला विरोध आहे, आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. साठ टक्के जमीन देणारा माणूस त्या बदल्यातला रस्ता आणि पाणी आपल्या हयातीत पाहणार की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. योजना वेळेत उतरते हे दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही. अहमदाबादेत तो एकेका योजनेतून बसत गेला.

मलकापूरचे चोवीस तास

रस्ता मिळाला की त्याखाली पाण्याची वाहिनी येते. भारतातल्या बहुतेक शहरांत ती दिवसातला थोडा वेळच भरलेली असते. व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, अमुक आळीला तासभर पाणी, मग तमुक आळीला. टंचाई म्हणून असे करावे लागते, अशी सर्वांची समजूत असते. सातारा जिल्ह्यातल्या मलकापूरने ती समजूत मोडून काढली.

मलकापूर हे कराडला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे गाव. इथे २००८ मध्ये नगरपंचायत झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३१ हजारांच्या पुढे होती. पाणीयोजना आधी नेहमीप्रमाणे ठरावीक वेळेच्या पुरवठ्याची आखली होती. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी आणि गावाच्या पुढाऱ्यांनी ती चोवीस तासांची केली. प्रत्येक नळाला मीटर बसला. कमी वापरणाऱ्याला कमी दर आणि जास्त वापरणाऱ्याला चढता दर अशी पाणीपट्टी ठरली. काही वर्षांतच या लहान गावाची योजना पाहायला देशभरातून अभियंते येऊ लागले, आणि तिला सार्वजनिक प्रशासनातल्या उत्कृष्ट कामासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला.

चोवीस तास पाणी दिले तर जास्त पाणी लागेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे का होते, ते वाहिनीच्या स्वभावात आहे. तासभरच पाणी येणार असेल तर घरातला प्रत्येक हंडा, पिंप आणि टाकी भरली जाते, आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की कालचे ओतून दिले जाते. गच्चीवरच्या टाक्या वाहत राहतात. दाब कमी म्हणून लोक नळाला थेट मोटर लावतात, त्यामुळे पुढच्या घराचा दाब आणखी पडतो. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते आणि शेजारच्या गटारातले पाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. पावसाळ्यातल्या कावीळ आणि जुलाबाच्या साथींचे एक मूळ इथे असते. वाहिनी सतत दाबाखाली भरलेली असेल तर घाण आत शिरत नाही, साठवण्याची गरज राहत नाही, आणि गळती कुठे आहे ती मीटरच्या फरकावरून लगेच कळते.

मलकापूरची आणखी एक जमेची बाजू म्हणजे त्याचा लहानपणा. तीस हजारांच्या गावात प्रत्येक नळजोडणी मोजता येते, बेकायदा जोडणी कोणाची हे ठाऊक असते, आणि नगराध्यक्षाला दर का वाढला हे गल्लीत उभे राहून सांगावे लागते. तीन लाखांच्या शहरात हेच काम वस्त्यांचे स्वतंत्र विभाग पाडून करावे लागते. म्हणून मीटर बसवण्याची योग्य वेळ गाव लहान असताना असते.

गटारासाठी आधी पैसे

पाण्याला मागणी असते, गटाराला नसते. नळ कोरडा पडला तर मोर्चा निघतो. शोषखड्डा भरला तर मैला उपसणारा टँकर बोलावला जातो, आणि तो पुढे कुठे रिता होतो हे कोणी विचारत नाही. एक लाख माणसांच्या शहराला मानकाप्रमाणे रोज १ कोटी ३५ लाख लिटर पाणी दिले तर १ कोटी ८ लाख लिटर सांडपाणी निघते. ते कुठेतरी जातेच. नाल्यातून नदीत, किंवा जमिनीतून कोणाच्या तरी विहिरीत.

चेन्नईच्या दक्षिण सीमेवरच्या आलंदूर नगरपालिकेत १९९० च्या दशकात हीच स्थिती होती. वस्ती दीड लाखाच्या घरात, घरोघरी सेप्टिक टँक, आणि डासांचा सुकाळ. १९९६ मध्ये निवडून आलेले नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी भुयारी गटाराचा विषय हाती घेतला. राज्याच्या संस्थांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली, पण कर्ज फेडायला नागरिक पैसे देतील का, हा प्रश्न होता. तो नागरिकांनाच विचारण्यात आला. घरगुती जोडणीसाठी ५,००० रुपये आणि व्यापारी जोडणीसाठी १०,००० रुपये अनामत, तीही एक फूट वाहिनी पडण्याआधी.

भारतीय शहरात असे मागणे धाडसाचे होते. नगरसेवक आणि रहिवासी संघटना गल्लोगल्ली फिरल्या, सभा झाल्या. रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवली आणि त्याचा हिशेब उघड राहील असे पाहिले. हजारो घरांनी पैसे भरले. २००० मध्ये काम सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत वाहिन्यांचे जाळे आणि सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला. २०११ मध्ये आलंदूर चेन्नई महापालिकेत विलीन झाले, पण तोवर भारतातल्या लहान शहरांना एक गोष्ट दाखवून झाली होती. आपला पैसा कुठे जाईल हे स्पष्ट दिसले, तर माणसे जमिनीखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कामासाठीही पदरमोड करतात.

बदलापुरातही भुयारी गटार योजना झाली. तिला केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी मिळाला. पण हे अभियानच डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले. तोवर शहराने लाखाचा टप्पा ओलांडलेला होता. म्हणजे वसलेल्या वस्तीतले रस्ते खोदून वाहिन्या टाकाव्या लागल्या. ज्या शहरांना ही कामे मागाहून करावी लागतात, तिथल्या लोकांच्या नशिबी एकाच रस्त्याचे खोदकाम पुन्हा पुन्हा येते, कधी गटारासाठी, कधी पाण्यासाठी, कधी केबलसाठी.

नदीला लागणारी जागा

उल्हास नदी सह्याद्रीतून कर्जतजवळ खाली उतरते. भिवपुरीच्या वीजकेंद्रात वीज तयार केल्यावर टाटांच्या जलाशयाचे पाणी तिच्यात येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. याच नदीच्या पाण्यावर आणि तिला मिळणाऱ्या बारवीच्या धरणावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली अशा शहरांची आणि उद्योगांची तहान भागते. पाणी देणारी हीच नदी पावसाळ्यात आपली जागा मागते. २६ जुलै २००५ रोजी तिने ती घेतली. २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. देशभर ते चित्र दिसले. त्याच दिवशी बदलापुरातल्या सखल वस्त्यांत तळमजल्यांची घरे पाण्याखाली होती, त्यांची बातमी मात्र दोन ओळींत आटोपली.

पुराची जागा कोणती, हे मोजता येते आणि महाराष्ट्रात ते मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेमध्ये निर्बंध. या रेषा जलसंपदा विभागाने आखायच्या आणि शहराच्या आराखड्यात उमटायच्या. वाढत्या शहरात त्या बहुतेक वेळा भूखंड विकले गेल्यावर येतात. मग ज्याने आयुष्याची पुंजी घालून तळमजल्याचे घर घेतले त्याला कळते की आपण नदीत राहतो. हा अन्याय आहे, आणि तो टाळणे अवघड नाही: बिगरशेती परवानगीच्या नकाशावर आणि घराच्या खरेदीखतात पूररेषा छापली गेली पाहिजे. नदीकाठची जी जागा बांधायला अयोग्य, तीच बाग, मैदान आणि रोपवाटिकेला योग्य असते. आरक्षणे तिथे टाकली तर शहराला हिरवी जागा मिळते आणि पुराला वाट.

मोजणार कोण, सांभाळणार कोण

एवढी कामे करणारी यंत्रणा किती मोठी असते? महाराष्ट्रात लाखाहून जास्त वस्तीची नगरपरिषद 'अ' वर्गात येते आणि मोठे नागरी क्षेत्र ठरून महापालिका होण्यासाठी तीन लाखांची अट आहे. या दोन आकड्यांमधल्या शहरांची स्थिती विलक्षण असते. समस्या महानगराच्या, यंत्रणा गावाची. मुख्याधिकारी बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. नगररचनाकार असला तर एखादा.

शिवाय अधिकार वाटलेले असतात. बदलापूर-अंबरनाथचे पाणी नगरपरिषदेच्या हाती नाही. ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते. बारवी धरण एमआयडीसीचे, लोकल मध्य रेल्वेची, प्रादेशिक नियोजन आणि मोठे प्रकल्प एमएमआरडीएचे, वीज महावितरणची. नवी इमारत मंजूर करणारा हात एक आणि तिला पाणी देणारा दुसरा. बदलापूर स्वतः १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेले आणि १९९२ मध्ये अंबरनाथबरोबर बाहेर आले, म्हणजे शहराची सीमाच दहा वर्षांत दोनदा बदलली. त्याच १९९२ मध्ये संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली. जून १९९३ पासून ती लागू झाली आणि तिच्या बाराव्या अनुसूचीत नगररचना, पाणी, रस्ते यांसह १८ विषय नागरी संस्थांसाठी लिहिले गेले. विषय मिळाले. माणसे आणि पैसा त्या मापाने आला नाही.

पैशाचे गणितही उलटे बसते. नवी इमारत आली की नगरपरिषदेला विकास शुल्क एकदाच मिळते; पण त्या इमारतीचा रस्ता, दिवे, कचरा आणि गटार यांचा खर्च कायमचा असतो. तो घरपट्टी आणि पाणीपट्टीतूनच भागला पाहिजे. जे शहर सवंग लोकप्रियतेसाठी वर्षानुवर्षे दर गोठवते, ते नव्या इमारतींच्या शुल्कावर जुन्या वस्तीची देखभाल करत राहते. बांधकाम थंडावले की दिवे विझतात.

आणि मोजमाप? २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ मध्ये होणार आहे. झपाट्याने वाढणाऱ्या शहरांनी गेली कित्येक वर्षे २०११ च्या आकड्यावर निधी मागितला आणि योजना आखल्या. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची मुदत २०२० मध्ये संपली आणि नव्या निवडणुकीला २०२५ चा डिसेंबर उजाडला. मधली वर्षे प्रशासकाची. राज्यात बहुसंख्य शहरांत हेच झाले. शहर सर्वाधिक वेगाने वाढत असताना त्याच्या वाढीबद्दल प्रश्न विचारणारे सभागृहच भरत नव्हते. जनगणनेची वाट न पाहता वीजजोडण्या, भोगवटा प्रमाणपत्रे, शाळेतले प्रवेश आणि रेल्वेचे पास यांवरून दरवर्षी लोकसंख्येचा अंदाज काढता येतो. त्याला मोठा खर्च लागत नाही, एक प्रशिक्षित माणूस आणि एक खोली लागते.

बदलापूरच्या पुढे वाढीची रेषा थांबलेली नाही. कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात आहे. बदलापूर-कर्जत मार्गिकांनाही केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे वांगणी, शेलू, नेरळ आणि कर्जतच्या शेतांवर येत्या दशकात काय येणार, हे आजच ठाऊक आहे. तिथे घरांच्या जाहिरातींचे फलक लागलेच आहेत. त्या फलकांमागच्या बहुतेक जमिनी मात्र अजून मोकळ्या आहेत. उल्हासच्या दोन्ही पूररेषा आधी सातबाऱ्यापर्यंत पोचवणे, स्टेशनभोवतीच्या गावांच्या नगररचना योजना शेतकऱ्यांसमोर बसून आखणे आणि मसुदा मंजूर होताच रस्त्यांची जमीन ताब्यात घेणे, पहिल्या नळापासून मीटर बसवणे, ही कामे तिथे आत्ता करता येतील. बदलापुरात ज्या रस्त्यांसाठी दुकाने पाडावी लागतात, ते नेरळच्या शिवारात अजून बांध हलवून मिळू शकतात. मार्गिकांचे काम पूर्ण होईपर्यंतची जी थोडी वर्षे हातात आहेत, तेवढीच त्यासाठी मुदत आहे.